बारभाई: एका ग्रुपची आणि एका सहीची गोष्ट

जामसंड्यातून बोलतोय. ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, दोन-तीन ठिकाणी नंतर आठवलेली भर घातलीय. ऑडिओमध्ये मागे ठकठक ऐकू येते, ती आमच्या आंब्याच्या पेट्यांची. रेकॉर्डिंगची खोली आणि पेट्या भरायची खोली एकच आहे, आणि सीझनमध्ये पहिला हक्क पेट्यांचा.

गेल्या महिन्यात एका श्रोत्याने मेसेज केला होता, "सीझर आणि ब्रूटसवर एपिसोड कर ना. कट करणारे मित्रच होते म्हणतात." विषय मस्त आहे. दोन आठवडे वाचत बसलो. पण वाचता वाचता मी सारखा पुण्यातच जात होतो, १७७३ सालच्या. शेवटी म्हटलं, रोम थोडं सांगू आणि मग घरचंच सांगू.

आधी रोम, पटकन. इसवी सनापूर्वी ४४, मार्चची १५ तारीख. ज्युलियस सीझर सिनेटच्या बैठकीत मारला गेला. कटात साठेक माणसं होती, अंगावर २३ जखमा. ब्रूटसचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्या कटातला मला जास्त हादरवणारा माणूस दुसराच आहे, डेसिमस ब्रूटस. हा सीझरचा जुना सेनाधिकारी, खास विश्वासातला. सीझरच्या मृत्युपत्रात पर्यायी वारस म्हणून त्याचं नाव होतं. त्या सकाळी सीझर बाहेर पडायला तयार नव्हता. बायकोला वाईट स्वप्न पडलं होतं, तब्येतही बरी नव्हती. तेव्हा त्याच्या घरी जाऊन, त्याला समजावून, सोबत घेऊन आला तो हा डेसिमस. प्लुटार्क नावाचा चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतो. या लोकांनी एकमेकांना शपथ घातली नव्हती, तरी गुपित फुटलं नाही.

म्हणजे कट यशस्वी. पुढे काय? दोन-तीन वर्षांत जवळजवळ सगळे संपले. डेसिमस पळताना पकडून मारला गेला. ब्रूटस आणि कॅशियस, एकमेकांचे मेहुणे, त्यांचं पैशांवरून आणि माणसांवरून कडाक्याचं भांडण झालं. ते मिटलं, पण फिलिपीच्या रणांगणावर इसवी सनापूर्वी ४२ साली दोघांनीही जीव दिला.

रोम इथे थांबवतो. मला ज्या प्रश्नाने पकडलं तो हा: माणसं एकत्र येऊन काहीतरी मोठं, धोक्याचं काम करतात. ते काम जमतं. आणि मग तीच माणसं एकमेकांना का खातात?

याचं उत्तर शोधायला शनिवारवाड्यात जाऊ.

"काका मला वाचवा" सगळ्यांना माहीत आहे. पुण्यात कॉलेजला असताना आम्हीही अमावस्येच्या रात्री वाड्याबाहेर जाऊन कान लावून आलोय. रिक्षांचे हॉर्न ऐकू आले. तर ती गोष्ट थोडक्यात: माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले. धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. वय जेमतेम १७. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांना स्वतःला पेशवा व्हायचं होतं, आणि नारायणरावाने त्यांना वाड्यातच नजरकैदेत ठेवलं होतं. ३० ऑगस्ट १७७३ ला दुपारी गारदी, म्हणजे पगारी सैनिक, थकलेला पगार मागायचं निमित्त करून वाड्यात घुसले. सुमेरसिंग गारदी पुढे होता. नारायणराव धावत काकांकडे गेला, त्यांना मिठी मारली, तरी तो वाचला नाही. चापाजी टिळेकर नावाचा सेवक त्याच्या अंगावर पडून मेला. गणपतीचे दिवस होते.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. दादांनी कबूल केलं की हुकूम मी दिला होता, पण "धरावे" असा. तो कागदावर "मारावे" झाला. "ध"चा "मा". लोकांनी आनंदीबाईचं नाव घेतलं आणि ते अडीचशे वर्षं तिला चिकटून राहिलं. ते खरं की खोटं यात मी आज शिरत नाही. मला फक्त एवढं लक्षात ठेवायचंय की या प्रकरणाची सुरुवात एका कागदाने झाली. एका अक्षराची एडिट. आणि शेवटही कागदानेच होणार आहे.

आता खरी गोष्ट सुरू होते, कारण शाळेच्या पुस्तकात खून झाला की पान उलटतं.

खुनानंतर राघोबादादा पेशवे झाले. वाड्यातल्या कारभाऱ्यांनी काय केलं? पहिल्यांदा तर मान खाली घातली. यात तिघांची नावं लक्षात ठेवा, बाकी पुढेमागे येतील.

पहिले सखारामबापू बोकील. वयाने, अनुभवाने सगळ्यांत मोठे. नानासाहेब पेशव्यांच्या काळापासून राजकारणात. त्या वेळी मराठेशाहीत "साडेतीन शहाणे" म्हणत: नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचे विठ्ठल सुंदर आणि आपले सखारामबापू, हे तीन पूर्ण. अर्धा शहाणा नाना फडणवीस, कारण तो तलवारीचा माणूस नव्हता. बापूंबद्दल एक गोष्ट सगळेच लिहितात. ते नेहमी दोन्ही डगरींवर हात ठेवून असत. माधवरावांच्या काळात ते दादांचेही होते आणि माधवरावांचेही. कोण जिंकेल ते कळेपर्यंत कोणाचंच दार लावायचं नाही, ही त्यांची पद्धत.

दुसरे नाना फडणवीस. मूळ गाव आपल्या कोकणातलं, बाणकोटच्या खाडीजवळचं वेळास. हो, तेच कासवांचं वेळास. नाटक-सिनेमामुळे नाना म्हटलं की आपल्याला घाशीराम आठवतो. पण १७७३ मध्ये तो ३१ वर्षांचा होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. पानिपतावर तो १८-१९ वर्षांचा होता. जीव घेऊन पळाला, आई त्या गर्दीत हरवली. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. मला वाटतं या माणसाच्या पुढच्या सगळ्या वागण्यात ती पळापळ आहे. तो पुन्हा कधी कोणावर पूर्ण विसंबला नाही.

तिसरे मोरोबा फडणवीस. नानाचे चुलतभाऊ. फडणविशी घराण्यात होती, आणि या दोघांत ती कोणाच्या हाताखाली जास्त वाकली हा प्रश्न घरातच होता. वाडवडिलांच्या कलमांच्या वाटणीवरून गावात काय होतं ते आपण बघतोच. तसंच.

आणि एक चौथे नाव सांगतो, हरिपंत फडके. ग्रँट डफ त्याच्या इतिहासात सांगतो की खुनाच्या दिवशी सकाळी नारायणरावाला धोक्याची कुणकुण लागली होती. त्याने हरिपंतांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत म्हणाले बघतो, आणि आधी ठरलेल्या जेवणाला गेले. तेवढ्यात सगळं झालं. त्यानंतर दादांच्या मागे फौज घेऊन सगळ्यात चिवटपणे कोण लागलं? हरिपंत फडके. त्यांच्या मनात काय होतं हे कागदात नाही, पण त्या जेवणाची आठवण त्यांना येत नसेल असं मला वाटत नाही.

तर झालं काय की दादा फौज घेऊन निजाम आणि हैदरअलीच्या मोहिमेवर दक्षिणेकडे निघाले. हे सगळे कारभारी सोबत. आणि मग एकेकाला काहीतरी काम निघू लागलं. कोणाची तब्येत, कोणाचं घरचं, कोणाला पुण्यात पैशांची व्यवस्था बघायची. एकेक जण रजा घेऊन छावणीतून सटकला. ऑफिसात सगळी टीम एकाच आठवड्यात "पर्सनल रीझन" टाकून सुट्टीवर जायला लागली तर मॅनेजरला जे कळायला हवं, ते दादांना उशिरा कळलं.

पुण्यात ही मंडळी एकत्र आली. त्यालाच म्हणतात बारभाईंचं कारस्थान. बारा भाऊ मोजायला बसू नका. याद्या वेगवेगळ्या मिळतात. बापू, नाना, मोरोबा, हरिपंत, त्रिंबकराव मामा पेठे, मागाहून महादजी शिंदे, तुकोजी होळकर... आकडा बारा नसेल, पण शब्द भारी आहे. "भाई" या शब्दातच सगळा करार आहे.

आणि आता त्यांची खरी हुशारी बघा. बंड करायला कारण लागतं. "आम्हाला राघोबा नको" हे कारण पुरत नाही, कारण मग पेशवा कोण? त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती. म्हणजे यांचा राजा अजून जन्मालाच आला नव्हता! मुलगी झाली असती तर सगळ्यांची मुंडकी गेली असती. जानेवारी १७७४ मध्ये त्यांनी गंगाबाईला पुरंदर किल्ल्यावर नेलं आणि तिच्या नावाने कारभार सुरू केला. वर तिच्यासोबत इतरही गरोदर बायका ठेवल्या होत्या, अशी तेव्हा वदंता होती. बॅकअप म्हणून. खरं असेल-नसेल, पण लोकांना ते पटलं, यावरूनच या मंडळींबद्दल लोकांचं मत कळतं.

दादा उलटे फिरले. पंढरपूरजवळ कासेगावला लढाई झाली, त्यात बारभाईंचे त्रिंबकराव मामा जबर जखमी होऊन गेले. बाजू हलली होती. आणि १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर मुलगा झाला. सवाई माधवराव. चाळिसाव्या दिवशी, २८ मे रोजी त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. दादा गुजरातेत पळाले आणि ६ मार्च १७७५ ला सुरतेत इंग्रजांशी तह करून बसले.

म्हणजे जमलं. एक खुनी राजवट हटवली, पोटातल्या बाळाच्या जिवावर, आणि मोठी आपापसांतली लढाई टाळून. माझ्या मते मराठ्यांच्या इतिहासातलं हे सगळ्यात नीट प्लॅन केलेलं राजकारण आहे. रोमवाल्यांनी तर सीझर मेल्यावर पुढे काय याचा विचारच केला नव्हता.

बापू प्रमुख, नाना हाताशी. १ मार्च १७७६ ला इंग्रजांचा कर्नल अप्टन याच्याशी पुरंदरचा तह झाला, तोही या दोघांनी मिळून केला. हे डोक्यात ठेवा: तहाचे मुख्य कर्ते बापू. त्यांच्या नावाला इंग्रजांकडे वजन आलं ते इथून.

मग तडा कुठे गेला?

इथे मला पॉडकास्ट थोडा थांबवून स्वतःबद्दल बोलायचंय. रेकॉर्ड करताना हा भाग दोनदा डिलीट केला होता.

मी बीटेक झाल्यावर पुण्यात एका कंपनीत होतो. नाव महत्त्वाचं नाही. आम्ही चार मित्र, कॉलेजपासूनचे, एकाच प्रॉडक्टवर. आम्ही ठरवलं होतं की चौघांनी एकाच दिवशी राजीनामा द्यायचा आणि स्वतःचं काहीतरी सुरू करायचं. व्हॉट्सॲप ग्रुप केला. नाव काय ठेवलं असेल? "बारभाई". चौघंच होतो, पण इतिहासाची आवड माझी आणि नाव मीच दिलेलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बोलणं चालायचं. शपथबिपथ नव्हती, पण कटिंग चहावर जी काही होते ती झाली होती.

राजीनाम्याच्या चार दिवस आधी आमच्यातल्या एकाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं गेलं की तुमचं सगळं आम्हाला ठाऊक आहे. त्याला त्याच आठवड्यात काढलं. दोघं राहिले ते गप्प झाले. ग्रुप मेला. मी घरी आलो आणि सहा महिने सगळ्यांना सांगत होतो की आमच्यात कोणीतरी फितूर झालं, आमचा घात झाला. आजीलाही सांगितलं. आजी पेढ्या बांधायच्या सुतळीचा गुंता सोडवत बसली होती. वर न बघता म्हणाली, "आणि तू खंयच्या बाजून होतस?"

मी त्या चार दिवसांच्या आधी एक मेल लिहिला होता. वरिष्ठांनी मला चहाला नेऊन, माझ्या करिअरची काळजी करत, काही चालू आहे का असं विचारलं होतं. मी कोणाचंही नाव घेतलं नाही, याचा मला अभिमान होता. मी फक्त लिहिलं की "टीममध्ये काही निर्णय होत असतील तर मी त्यात सहभागी नाही. मी तटस्थ आहे." तटस्थ! आणि त्याच रात्री ग्रुपवर रॉकेटचा इमोजी टाकला. कंपनी सुरू झाली असती तर मी त्यात असतो, नसती झाली तर माझी नोकरी होती. तो मेल पुढे कसा गेला माहीत नाही, पण ज्याला काढलं त्याने मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली एकच ओळ: "ठीक आहे रे."

त्यामुळे सखारामबापूंबद्दल वाचताना मला ते खलनायक वाटत नाहीत. ते ओळखीचे वाटतात.

चला, परत १७७८ मध्ये.

दादा मुंबईच्या इंग्रजांच्या आश्रयाला. पुण्यात गंगाबाई १७७७ मध्ये वारली, बाळ तीन वर्षांचं. कारभार हळूहळू बापूंकडून नानाकडे सरकत होता. कोणी ठरवून दिलं नव्हतं. जो रोज हिशेब बघतो, रोज पत्रं लिहितो, हेरांची बातमी ज्याच्याकडे आधी येते, त्याच्याकडे सत्ता जाते. ग्रुपमध्ये सगळे ॲडमिन असले तरी एकच जण मेसेज पिन करतो, तसं. म्हाताऱ्या बापूंना हे दिसत होतं. मोरोबाला तर सहनच होत नव्हतं, कारण तो नानाच्या घरातलाच. होळकरांना शिंद्यांचं वाढणं नको होतं. कोणाचाही नानाशी असा एकच मोठा झगडा नव्हता. प्रत्येकाची आपली एक छोटी जखम होती, आणि समोर राघोबादादा नावाचा सामाईक शत्रू आता मुंबईत, म्हणजे जरा लांब होता.

मार्च १७७८ च्या सुमारास मोरोबाने बाजी मारली. तुकोजी होळकरांचं बळ पाठीशी, बापूंची मूक संमती. नानाला पुणं सोडून पुरंदर गाठावा लागला. ज्या गडावर त्यांनी मिळून बाळ जन्माची वाट बघितली होती, त्याच गडावर आता एकटा. मोरोबा-बापूंच्या गटाने मुंबईकरांशी संधान बांधलं की राघोबादादांना पुण्यात घेऊन या. इतक्या मोठ्या कारस्थानानंतर चार वर्षांत त्याच मंडळींतले लोक त्याच राघोबाला परत बोलवत होते.

मुंबईकर इंग्रज व्यवहारी. तोंडी आमंत्रणावर फौज काढायची नाही. पुरंदरच्या तहाचे मुख्य कर्ते सखारामबापू, तेव्हा त्यांचं मत कागदावर हवं. बापूंनी आयुष्यभर हीच एक गोष्ट टाळली होती. मनातलं बोलायचं, पण लिहायचं नाही. आणि शेवटी कागद गेला.

नानाने काय केलं? गडावर बसून वाट बघितली. मोरोबाशी वरवर समेट केला. महादजी शिंदे कोल्हापूरच्या मोहिमेवर होते, ते परत येईपर्यंत वेळ काढला. महादजी आले, होळकरांना मोरोबापासून तोडलं, आणि जुलै १७७८ मध्ये मोरोबा पकडले गेले. चुलतभावाला अहमदनगरच्या किल्ल्यात टाकलं. आताचं अहिल्यानगर.

बापूंना तेव्हा हात लावला नाही. हे मला फार रंजक वाटतं. नानाला संशय होता, पण बापूंसारख्या माणसाला पुराव्याशिवाय धरणं म्हणजे बारभाईंचा पायाच उखडणं. महादजीही आड येत होते. महिनोन्‌महिने हे दोघं एकाच मसलतीला बसत होते. एकाला माहीत होतं की आपण काय लिहिलंय, दुसऱ्याला माहीत होतं की काहीतरी लिहिलं गेलंय. कल्पना करा त्या बैठका.

पुराव्याची सोय इंग्रजांनीच केली. मोरोबा तुरुंगात गेला तरी मुंबईकरांचा उत्साह गेला नव्हता. १७७८ च्या अखेरीस ते राघोबादादांना घेऊन बोरघाट चढले. पुण्यात त्यांचे मित्र दार उघडतील ही आशा. दार कोणी उघडलं नाही. मराठ्यांनी पुढचा मुलूख ओस पाडला, रसद तोडली. जानेवारी १७७९ मध्ये तळेगावाहून माघार घेताना वडगावला इंग्रज फौज वेढली गेली आणि तिला तह करावा लागला. पुणे-मुंबई जुन्या रस्त्याने जाताना वडगाव मावळ लागतं, तेच. राघोबादादा महादजींच्या हाती आले.

आणि दादांसोबत कारस्थानाचे कागदही. त्यात सखारामबापूंची सही. आतापर्यंत बापूंना सांभाळून घेणाऱ्या महादजींनाही आता बोलायला जागा राहिली नाही. बापूंच्या समोर त्यांचं स्वतःचं अक्षर आलं.

कागद बापूंच्या हातात ठेवला गेला तो क्षण मी खूप वेळा डोळ्यांसमोर आणलाय. माझ्या फोनवर स्क्रीनशॉट आला तेव्हा मी हिंजवडीतून सुटणाऱ्या बसमध्ये उभा होतो. सगळ्यात आधी राग आला, कोणी दाखवलं म्हणून. मी काय लिहिलं होतं याचा विचार बराच उशिरा आला.

बापूंना कैद झाली. आधी सिंहगड. मग प्रतापगड. इथे ग्रँट डफ एक बारीक गोष्ट नोंदवतो. बापू हे पंताजी गोपीनाथ बोकील यांच्या घराण्यातले. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी मध्यस्थी करणारे पंताजी. प्रतापगडावर कैदेत असताना बापूंना ती भेटीची जागा खाली दिसत असणार. डफच्या पुस्तकात पंताजी हे खानाचे वकील, म्हणजे धन्याला फसवणारे. आपल्या सभासद बखरीत ते शिवाजी महाराजांचे वकील, म्हणजे निष्ठावंत. एकच माणूस, एकच दिवस. आपण कोणत्या तंबूत उभं राहून बघतो त्यावर फितुरी ठरते, असं म्हणायचा मोह होतो. पण मी तो मोह सोडतो, कारण स्वतःची सुटका करायला ते फारच सोयीचं वाक्य आहे.

बापूंना गडामागून गड फिरवलं गेलं, महादजी पुन्हा सोडवतील ही नानाला भीती. शेवटी रायगडावर १७८१ मध्ये ते वारले. तीन पूर्ण शहाण्यांतला एक.

म्हणजे पाच-सहा वर्षांत बारभाईंतून पेठे लढाईत गेले, मोरोबा तुरुंगात, बापू तुरुंगात. हरिपंत शेवटपर्यंत नानासोबत राहिले, हे सांगायलाच हवं, नाहीतर सगळेच तसले असा समज होईल. महादजी आणि नाना यांचं आयुष्यभर जमलं आणि पटलं नाही. तोडलं मात्र नाही. दोघंही पानिपतातून वाचलेले होते, कदाचित म्हणूनही असेल.

श्रोत्यांपैकी कोणी विचारेल, मग नाना चांगला की वाईट? मला विचाराल तर १७७८ मध्ये नाना बरोबर होता. राघोबाला परत आणणं म्हणजे इंग्रजांना शनिवारवाड्यात आणणं, आणि ते त्याने पंचवीसेक वर्षं लांबवलं. पण ज्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसून तो वर आला त्याला रायगडावर मरू देताना त्याचा हात थरथरला असेल का, याचं उत्तर मला मिळत नाही. बापूंना नजरकैदेत घरी ठेवता आलं नसतं का? बहुधा नाही. हाच तर वैताग आहे.

आता शेवटचा भाग, आणि यात तुम्हाला रोमही परत भेटेल, निदान इटली तरी.

सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यात वरून पडून गेला. ज्याच्या जन्मासाठी एवढं सगळं झालं तो २१ वर्षांचा होता. मूलबाळ नाही. गादीवर कोण बसलं? खूप ओढाताणीनंतर दुसरा बाजीराव. राघोबादादांचा मुलगा. ज्याच्या बापाला आयुष्यभर अडवलं त्याच्या हाताखाली नाना कारभारी.

३१ डिसेंबर १७९७. महादजी वारले होते, त्यांच्या गादीवर दौलतराव शिंदे. नानाला शिंद्यांच्या छावणीत भेटीला बोलावलं. नाना कोणाच्या घरी सहज जाणारा नव्हता. त्याला हमी हवी होती. ती दिली शिंद्यांच्या फौजेतल्या मायकेल फिलोज नावाच्या अधिकाऱ्याने. हा मूळचा इटलीतल्या नेपल्सचा. त्याने शब्द दिला की तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. ज्याने चोवीस वर्षं कोणाच्याही शब्दावर पाऊल टाकलं नाही त्याने या शब्दावर टाकलं, आणि छावणीत पोचल्यावर त्याच फिलोजने त्याला पकडलं. डेसिमसने सीझरला घरून बोलावून नेलं होतं, तसंच.

नानाला कुठे नेलं? अहमदनगरच्या किल्ल्यात. ज्यात त्याने मोरोबाला टाकलं होतं त्याच. १७९८ मध्ये पैसे मोजून तो सुटला, परत कारभारावर बसला, आणि १३ मार्च १८०० ला पुण्यात वारला. त्याच्यानंतर पेशवाई अठराच वर्षं टिकली.

स्क्रीनशॉट पाठवणारा माझा मित्र आता बंगळुरूला असतो. त्याच्या आयुष्याबद्दल इथे जास्त बोलणं बरोबर नाही. एवढंच सांगतो की हा एपिसोड टाकायच्या आधी मी त्याला संपूर्ण ऐकायला पाठवला होता, तो मेलवाला भाग कापायचा का विचारायला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "नको कापू. पण मोरोबाची तारीख नीट बघ, ऑडिओत तू १७८७ म्हणालायस." बरोबर होता तो. ती चूक इथे सुधारली आहे.

पुढच्या भागात आपल्या शेजारच्या रत्नागिरीतला तोतया, ज्याने १७७६ मध्ये "मी पानिपतात मेलेला सदाशिवरावभाऊ" म्हणून अख्खं कोकण हलवलं. लाईट राहिली तर येत्या रविवारी.